ओळंबा मास्तरांचे पाय

मोजे चढवायचे ते मास्तर अंथरुणातून उठायच्या आधीच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. एकदा पाय खाली सोडले की रक्त उतरतं, पाय फुगतात आणि मग मोजे चढता चढत नाहीत. म्हणून थोरली रोज सकाळी तोंडसुद्धा न धुता बापाच्या पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसायची, आणि तिचा दिवस त्या दोन पायांपासून सुरू व्हायचा.

पाय बघवत नव्हते. नडगीवरची कातडी जांभळट, ताणलेली आणि चकचकीत. हात लावला की पिठासारखा कोंडा झडून तिच्या मांडीवर पडायचा. नखं पिवळी, जाड, आत वळलेली. बोटांच्या बेचक्यांत काहीतरी ओलसर पांढरं कायम साठलेलं असायचं. कितीही पुसा, दुसऱ्या दिवशी हजर. मोजे अंगाच्या रंगाचे, मांडीपर्यंतचे, आणि इतके घट्ट की ते चढवताना तिच्या अंगठ्यांची पेरं दुखून यायची. ती तोंडाने श्वास घ्यायची. चुकून नाकाने घेतला तर पोटातलं सगळं वर यायचं.

"सुरकुती राहिली," मास्तर छताकडे बघत म्हणायचे.

"नाही राहिली, बाबा."

"डाव्या गुडघ्यामागे. मला कळतं."

राहिलेली असायची. तेवढं मात्र म्हाताऱ्याचं बरोबर असायचं, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा.

मग पलंगाखालची बाटली. दिवसभर मास्तरांना लघवी होते की नाही अशी शंका यावी, आणि रात्रीत मात्र बाटली गळ्यापर्यंत भरलेली. थोरली ती हात लांब करून, मान फिरवून मोरीपर्यंत न्यायची. ती एका लाँड्रीत मागच्या खोलीत बसून रफू करायची आणि डाग काढायची. परक्या माणसांच्या काखांचे, ओकाऱ्यांचे, रक्ताचे डाग तिने आयुष्यभर हाताळले होते. पण कपडा उतरवलेला असतो, त्यात माणूस नसतो. इथे माणूस होता, वर तो मोज्यांच्या सुरकुत्या दाखवून चुका काढायचा.

मास्तर म्हणजे शाळेतले कवायत मास्तर. सगळं गाव त्यांना ओळंबा म्हणायचं. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. मास्तर तसेच उभे राहायचे: टाच, कंबर, खांदा, कान एका रेषेत. बसलेल्या माणसाबद्दल त्यांच्या मनात उघड तुच्छता होती. घरात ते उभे असले की कुणी बसायचं नाही असा नियम होता, आणि ते बहुतेक वेळ उभेच असायचे. त्यांच्या बायकोने, म्हणजे थोरलीच्या आईने, जन्मभर उभ्याने जेवण उरकलं आणि एका दुपारी कुणालाही न सांगता कायमची आडवी झाली. थोरलीने आयुष्यात एकच गोष्ट मनासारखी केली. बसून करायची नोकरी धरली.

आणि आता नियतीने, की आणखी कुणी, ओळंब्याची दोरीच कापली होती. मास्तर उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, मान आणि खांदे दुखायचे, गुडघे दुमडायचे. पहिल्यांदा ते मोरीच्या दारात पडले तेव्हा म्हणाले, फरशी ओली होती. दुसऱ्यांदा म्हणाले, चप्पल नवी होती. तिसऱ्यांदा ते अनवाणी होते आणि फरशी कोरडी होती, तेव्हा त्यांनी थोरलीला दोष दिला, कारण तिने मागून हाक मारली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधी आडवं झोपवून दाब मोजला, मग उभं करून मोजला. आकडा धाडकन खाली आला. नाडी मात्र ढिम्म. जसं काही झालंच नव्हतं.

"यंत्र बिघडलंय तुमचं," मास्तर म्हणाले आणि त्यांच्याच अंगावर कलंडले.

त्यांना परत आडवं केल्यावर बाईंनी थोरलीला समोर बसवून नीट सांगितलं. बाई वयाने लहान होत्या, पण घाईत नव्हत्या.

"हे बघा, आडवे असतो तेव्हा रक्त अंगभर सारखं असतं. उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली, पोटात आणि पायांत उतरतं. खरं म्हणजे आपण सगळ्यांनीच रोज सकाळी पडायला हवं. पडत नाही, कारण मानेत आणि छातीत पहारेकरी आहेत. दाब उतरला की ते मेंदूला कळवतात. मेंदू लगेच शिरा आवळतो आणि हृदयाला पळवतो. आपल्याला पत्तासुद्धा लागत नाही."

"आणि बराच वेळ उभं राहिलं तर?"

"मग दुसरी फळी. मूत्रपिंडं आणि ग्रंथी रक्तात संप्रेरकं सोडतात. मीठ धरून ठेवा, पाणी धरून ठेवा, शिरा ढिल्या सोडू नका, असे ते हुकूम असतात. तुमच्या वडिलांच्या अंगात मेंदूचे हुकूम खाली पोचतच नाहीत. नसा गेल्यात. म्हणून नाडीसुद्धा हलली नाही."

थोरलीने बाटलीचं विचारलं. विचारताना तिला ओशाळल्यासारखं झालं, पण कुणाला तरी विचारायलाच हवं होतं.

"ते उलटं गणित आहे," बाई म्हणाल्या. "आडवे झाले की पायांतलं सगळं रक्त छातीकडे परत येतं. हृदयाला वाटतं, पाणी फार झालं. मग हृदयच एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं पाणी बाहेर काढत बसतात. सकाळी माणूस सुकलेला उठतो आणि आणखी पडतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा. उठायच्या आधी दोन पेले पाणी द्या. मोजे घाला. आणि उभं राहायची वेळ आलीच तर पाय हलवत राहू द्या. पोटऱ्या हलल्या की त्या रक्त वर ढकलतात. नुसतं पुतळ्यासारखं उभं राहणं सगळ्यात वाईट."

"म्हणजे सावधान," थोरली म्हणाली.

"हो. सावधान त्यांना विष आहे." मग बाई जरा थांबल्या. "आणि एक नीट लक्षात ठेवा. पडले तर पडू द्या. डोकं जपा, पण पडू द्या. पडणं हाच शरीराचा उपाय आहे. आडवं झालं की मेंदूला रक्त आपोआप मिळतं. पाय तेवढे वर धरा. पण कुणी त्यांना काखेत धरून उभं ठेवलं, तर मेंदू कोरडा पडेल. झटके येतील. आणि तसंच धरून ठेवलं तर ते परत शुद्धीवर येणार नाहीत."

थोरलीला हसू फुटलं. बाईंना ते विचित्र वाटलं असणार. पण हसणार नाही तर काय करणार? हे तिला शिकवायला डॉक्टर कशाला हवा होता?

मास्तरांच्या शाळेत 'खांब' असायचे. हा त्यांचा स्वतःचा शोध, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान. प्रत्येक रांगेच्या दोन टोकांना दोन दणकट पोरं नेमलेली. सकाळच्या कवायतीत उन्हात कुणी डुलायला लागलं की खांबांनी धावत जायचं, दोन्ही बाजूंनी काखेत हात घालायचे आणि त्याला उभं धरायचं. मास्तर स्वतः "खांब, मोकळे" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. "पडणाऱ्याला पडू दिलं की त्याला पडायची चटक लागते," असं मास्तरांचं तत्त्वज्ञान. मुख्याध्यापक माना डोलवायचे. पालक खूश. पोरं नाटकं करतात, यावर मोठ्या माणसांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही.

थोरली त्याच शाळेत होती. एका सकाळी कवायतीला अंगात ताप होता, पोटात काही नव्हतं, आणि ऊन होतं. आधी तिला जांभया आल्या. मग आवाज लांब गेले, डोळ्यांच्या कडांपासून काळं आत सरकत आलं. पुढचं तिला तुटक आठवत होतं: काखेत रुतलेली बोटं, आपलं डोकं आपल्याला न विचारता मागे-पुढे हलतंय, पाय झटके देतायत, आणि मांड्यांवरून काहीतरी ऊन ऊन ओघळत पांढऱ्या मोज्यांत साठतंय. सगळी शाळा समोर. आणि बाप चबुतऱ्यावर उभा राहून शांतपणे आकडे मोजतोय, कारण कवायत अर्ध्यावर सोडायची नसते.

ही गोष्ट मास्तर नंतर वर्षानुवर्षं सांगत आले. निःपक्षपातीपणाचा नमुना म्हणून. घरी पाहुणे आले की जेवता जेवता, तोंडात घास असताना: "माझी स्वतःची पोरगी, मुतली चड्डीत, पण सूट दिली नाही." शितं उडायची. पाहुणे हसायचे. थोरली वाढायला उभी असायची. आपल्याला माणसांची किळस कधीपासून येऊ लागली, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिने त्या घासाकडे बोट दाखवलं असतं.

आता त्याच शाळेने मैदानाला मास्तरांचं नाव द्यायचं ठरवलं होतं. हे सगळं जुळवलं धाकट्याने, म्हणजे तिच्या भावाने. तो दुसऱ्या शहरात गाड्या विकायचा. वर्षातून दोनदा यायचा, बापाच्या पाठीवर थाप मारायचा, "मस्त दिसता, बाबा," म्हणायचा आणि बाटली भरायच्या आत निघून जायचा. दुरून डोंगर साजरे. जवळ आलं की डोंगरावरचा कोंडा दिसतो.

"मुलं संचलन करत समोरून जाणार, बाबा मानवंदना घेणार," तो म्हणाला. "जुने विद्यार्थी येणार आहेत. तो गॅरेजवाला येणार, वकील येणार. सगळे त्यांचे लाडके."

"खुर्चीत बसून घेऊ देत," थोरली म्हणाली.

"बसून? मानवंदना?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"अगं ताई, किती वेळाचा प्रश्न आहे? हौस आहे त्यांची. आयुष्यभर उभे राहिले, एक दिवस काय होतंय. मी शेजारीच असेन. डुलले तर धरेन की."

"धरायचं नाही. तेच तर करायचं नाही. धरलंस तर मरतील ते. पडले तर पडू द्यायचं, आडवं करायचं, पाय वर."

"बरं बरं," धाकटा म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी. त्याचं लक्ष फोनमध्ये होतं.

मास्तरांना तिने सरळ विचारलं, "बाबा, बसाल ना?"

"मोडेन पण वाकणार नाही," मास्तर म्हणाले, आणि पलंगावर पाय लांब करून पडून राहिले, कारण उठता येत नव्हतं.

यावर थोरलीने आणखी भांडायला हवं होतं. मुख्याध्यापिकेला फोन करायला हवा होता, डॉक्टरीणबाईंना बोलवायला हवं होतं. तिने काहीच केलं नाही. लाँड्रीत बसून ती कुणाच्या तरी कोटाची बाही रफू करत राहिली आणि तिच्या डोळ्यांपुढे एक चित्र पुन्हा पुन्हा येत राहिलं: मैदान, ऊन, सगळी शाळा, आणि चबुतऱ्यावर बाप डुलतोय. ते चित्र तिला आवडत होतं. आवडतंय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने सुई खाली ठेवली आणि मोरीवर जाऊन हात साबणाने धुतले. स्वतःच्या हातांचासुद्धा वास आला तिला, बापाच्या बेचक्यांसारखा.

पांढरी पँट तिनेच दुकानात कडक इस्त्री करून आणली. समारंभाच्या सकाळी तिने मोजे चढवले, सुरकुती न ठेवता. पोटावर पट्टा बांधला. दोन पेले पाणी पाजलं. मास्तर आधी बसले, मग पाय खाली सोडून बसले, मग उभे राहिले आणि उभेच राहिले. धाकटा टाळ्या वाजवत म्हणाला, "बघ, उगाच घाबरवतेस."

गाडीत जागा कमी म्हणून थोरली मागून रिक्षाने गेली. ती पोचली तेव्हा मुख्याध्यापिकेचं भाषण रंगात आलं होतं. मैदानावर पोरं रांगांत सावधान उभी, ऊन थेट तोंडावर. चबुतऱ्यावर मास्तर. मागे खुर्ची, रिकामी. टाच, कंबर, खांदा, कान. ओळंबा अगदी ओळंब्यात.

वारा आला आणि मास्तरांची पँट फडफडली. बुटाच्या वर जांभळा, उघडा घोटा दिसला.

थोरलीने भावाकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत उभा होता आणि त्याच्या कोटाच्या खिशातून अंगाच्या रंगाचं काहीतरी लोंबत होतं, कापलेल्या आतड्यासारखं. ती लोकांना ढकलत त्याच्याजवळ गेली.

"मोजे काढलेस?"

"त्यांनीच सांगितलं. गाडीत म्हणाले, हे बायकी मोजे पोरांना दिसतील. पट्टापण काढायला लावला, श्वास कोंडतो म्हणाले." त्याने मोजे खिशात आत कोंबले. "बाबांना नाही कसं म्हणायचं?"

खरंच, कसं म्हणायचं? त्या घरात ते कुणाला येत होतं?

मास्तरांनी जांभई दिली.

लोकांनी पाहिलं नाही, किंवा म्हातारपण म्हणून सोडून दिलं. थोरलीने पाहिलं. उभ्या जन्मात तिने बापाला चारचौघांत जांभई देताना पाहिलं नव्हतं. मग त्यांचा हात मानेमागे गेला आणि तिथेच चोळत राहिला. तोंडाचा रंग उतरत होता. आधी ओठ, मग गाल, मग कपाळ मेणचट आणि घामेजलं. त्या पांढऱ्या पँटच्या आत रक्त मांड्यांतून, पोटऱ्यांतून खाली खाली सरकत होतं, बुटांत साठत होतं. मानेतले पहारेकरी बोंबलत होते, आणि खाली कुणालाही ऐकू जात नव्हतं. निरोप पोचत नव्हता. हृदय आपलं निवांत, सुट्टीच्या दिवशी चालावं तसं चाललं होतं. आणि मास्तर पाय हलवत नव्हते. हलवले असते तर कदाचित निभावलं असतं. पण सावधान म्हणजे सावधान.

ढोल सुरू झाला, पहिली रांग चालत समोर आली, आणि मास्तर डुलले.

"बाबांना आडवं करा," थोरली म्हणाली, पण ढोलात ते बुडालं. चबुतऱ्याच्या दोन बाजूंनी दोन माणसं केव्हाच उडी मारून वर चढली होती. एक गॅरेजवाला, मानेला वळ्या पडलेला. दुसरा वकील, त्याचं पोट कोटात मावत नव्हतं. दोघांनी मास्तरांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचलून सरळ केलं. चेहरे आनंदाने फुलले होते. जुने खांब. इतक्या वर्षांनी काम मिळालं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा डळमळला आणि शिष्यांनी सावरला. त्यांना ते फार भरून येण्यासारखं वाटलं. कुणी फोन काढून चित्रण करत होतं. मुख्याध्यापिकेने डोळे पुसले.

मास्तरांची मान छातीवर पडली. उजवा पाय एकदा झटकला, मग डावा. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची तार निघाली आणि वकिलाच्या बाहीला चिकटली. पांढऱ्या पँटवर मांडीच्या सांध्यापासून एक डाग पसरायला लागला. थोरलीने पोटापाण्यासाठी आयुष्यभर डाग पाहिले होते. हा डाग कापडावर कसा चालतो, कुठे फाटे फोडतो, हे तिला माहीत होतं. तो गुडघ्यापर्यंत आला, बुटात उतरला. टाळ्या चालूच होत्या.

ती उभी राहिली आणि बघत राहिली. जे चित्र तिने मनात रंगवलं होतं तेच समोर होतं, काना-मात्रेचा फरक नाही. सगळी शाळा, ऊन, आणि बाप. आता बरं वाटायला हवं होतं. घशाशी आंबट आलं, दुसरं काही आलं नाही. एवढं सगळं जपून ठेवलं ते ह्याच्यासाठी? कुजलेल्या डब्याचं झाकण उघडल्यावर येते तशी शिसारी तिला आली. बापाची, टाळ्यांची, आणि सगळ्यात जास्त स्वतःची, कारण ती अजून जागची हलली नव्हती.

मग ती हलली आणि चबुतऱ्यावर चढली.

"सोडा त्यांना."

"काही नाही, ताई," गॅरेजवाला हसत म्हणाला. "मास्तर पडणार नाहीत. आम्ही आहोत ना."

"मरतायत ते. आडवं करा."

"पडणाऱ्याला पडू द्यायचं नसतं," वकील म्हणाला, धडा पाठ म्हणून दाखवावा तसा. त्याने पकड आणखी घट्ट केली. मास्तरांचे डोळे अर्धवट उघडे होते आणि त्यांत फक्त पांढरं दिसत होतं. धाकटा चबुतऱ्याखाली उभा राहून "अरे, अरे," एवढंच म्हणत होता.

थोरलीने पोटातून हवा ओढली. पुढचा आवाज तिचा नव्हता. तो चबुतऱ्यावरून तिने वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज होता, कोरडा, सपाट, पार भिंतीपर्यंत जाणारा.

"खांब, मोकळे!"

दोघांचे हात आपोआप उघडले. काय झालं हे त्यांनाही कळलं नसावं, हातांना कळलं. मास्तर खाली आले ते तिच्या अंगावर. तिने डोकं छातीशी धरलं, दोघं मिळून चबुतऱ्यावर बसली, मग तिने त्यांना पाठीवर सरळ केलं, पायांकडे सरकली आणि दोन्ही पाय उचलून आपल्या खांद्यांवर घेतले. ओल्या पँटचं कापड तिच्या गालाला चिकटलं. बुटातलं ऊन पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरलं. वास आला. तिने या वेळी तोंडाने श्वास घेतला नाही. हातपाय गुंतले होते आणि ते तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

ढोल थांबला. टाळ्या थांबल्या.

रंग परत यायला लागला तो कपाळापासून. मग गाल, मग ओठ. बाई म्हणाल्या होत्या तसंच, काही औषध नाही, काही नाही, नुसतं आडवं होणं. मास्तरांच्या पापण्या हलल्या. डोळे आधी आभाळात फिरले, मग बाजूला वळले.

"पडलो का मी?" आवाज घोगरा होता.

"नाही. मी पाडलं."

मान कलती होती, त्यामुळे त्यांना मैदान आडवं दिसत असणार. पोरं अजून रांगांत सावधान उभी होती. त्यांना कुणी विश्राम म्हटलंच नव्हतं. सगळ्यांचे डोळे त्या डागावर. तिसऱ्या रांगेत एक लहान मुलगी मात्र खाली बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून. चक्कर आली असेल, भीती वाटली असेल. तिच्या दोन्ही बाजूंची पोरं तिच्याकडे बघत होती.

मास्तरांनी ती पाहिली. त्यांच्या भुवया जवळ आल्या. थोरलीने पाहिलं आणि क्षणभर, मूर्खासारखं, तिला वाटलं की म्हातारा आता काहीतरी बोलेल. इतक्या वर्षांत एकदा तरी.

"ती," मास्तर म्हणाले. "तिसऱ्या रांगेतली. का बसली? उभी करा तिला."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हा तर मुतात भिजला होता, तरी पीळ तसाच.

शेजारून गॅरेजवाला खरोखरच एक पाऊल पुढे सरकला. थोरलीने मान वर केली. खांद्यावर बापाचे पाय होते म्हणून उठता आलं नाही. बसल्या बसल्याच तिने तोच आवाज काढला.

"सगळे, खाली बस!"

पहिली रांग बसली. मग दुसरी, तिसरी, मागची. धूळ उडाली. मग शिक्षक एकमेकांकडे बघत बसले, मग वकील कोटासकट मटकन बसला, गॅरेजवाला बसला. शेवटी धाकटाही बसला. त्याच्या खिशातला मोजा पुन्हा बाहेर आला होता. सगळं मैदान बसलं. ओळंबा मास्तरांच्या मैदानावर एक माणूस उभा राहिला नाही.

"मी सांगितलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

"नाही. मी सांगितलं."

त्यांनी डोकं उचलायचा प्रयत्न केला. रंग लगेच उतरला, डोकं परत खाली गेलं.

"उठव मला."

"पडून राहा, बाबा."

"पाय सोड. लोक बघतायत."

"बघू देत," थोरली म्हणाली. माझ्याही वेळेला बघत होते, हे तिच्या ओठांपर्यंत आलं, पण बापाच्या तोंडात परत द्यावं असं ते राहिलं नव्हतं. फार चघळून झालं होतं. डाव्या बुटातून अजून थेंब थेंब तिच्या पाठीत उतरत होता. किळस तेवढीच येत होती, तसूभर कमी नाही. तिने दोन्ही घोटे घट्ट धरले आणि पाय आणखी थोडे वर केले, कारण ओठांचा रंग अजून पुरता आला नव्हता.